शिरूरचे दिवे, दौंडचं पाणी

पुण्याहून नगरला जाताना शिरूर लागतं आणि सोलापूरला जाताना दौंड. आपल्यापैकी बहुतेकांचा या दोन गावांशी संबंध एवढाच, की एका ठिकाणी एसटी थांबली की चहा आणि दुसऱ्या ठिकाणी मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागेपर्यंत पुन्हा चहा. या गावांत रोज सकाळी नळाला पाणी कोण सोडतं, गटार कोण काढतं आणि त्याचे पैसे कुठून येतात, असा प्रश्न माझ्याही डोक्यात कधी आला नव्हता. मध्यंतरी नगरपालिकांचे जुने कायदे वाचायचं खूळ लागलं (वीकेंडला लोक ट्रेकला जातात, आम्ही हे करतो!) आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

शिरूरपासून सुरुवात करू. जुनी माणसं अजूनही गावाला घोडनदी म्हणतात. पेशवाईच्या अखेरीस इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेच्या काठी लढली. छावणी आली की बाजार येतो, सावकार येतात, वखारी येतात. छावणीचं महत्त्व पुढे गेलं, बाजार राहिला. १८६८ साली शिरूरला नगरपालिका झाली. बारामती आणि इंदापूरला ती १८६५ मध्येच मिळाली होती.

ही नगरपालिका म्हणजे काय, हे नीट बघायला हवं. १८५० च्या २६ व्या कायद्यात एक गंमत होती. गावातल्या लोकांनी अर्ज करायचा, सरकारची खात्री पटली तर पालिका मिळायची. म्हणजे कागदावर तरी ही लोकांची मागणी! पण पालिका म्हणजे स्वतःवर नवा कर लादून घेणं, तेव्हा अर्ज करायला किती जण उत्सुक असतील याचा अंदाज तुम्हीच बांधा. पुढे १८७३ च्या कायद्याने दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना 'टाउन' हा दर्जा दिला. अध्यक्ष कलेक्टर, सभासद सरकारने नेमलेले. निवडणूक वगैरे भानगडच नाही.

नेमलेला सभासद म्हणजे मान हलवणारा, असं आपण धरून चालतो. त्याला एक सणसणीत अपवाद पुण्यातच आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय निघाला. त्याला विरोध करणारे जोतीराव एकटे होते. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ठराव पास झालाच, पण सभेत एक माणूस 'नाही' म्हणाला याची नोंद राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८ मे १८८२ ला लॉर्ड रिपनचा प्रसिद्ध ठराव आला आणि १८८४ च्या मुंबई कायद्याने निम्म्या जागा निवडणुकीने भरायचं ठरलं. मत अर्थातच मोजक्या लोकांना. तरीही 'कर मी भरतो, तर हिशेब मला दाखव' ही भाषा छोट्या गावांत पहिल्यांदा शिरली ती इथून.

कामं काय होती? दिवाबत्ती, झाडलोट, विहिरी, बाजार, कोंडवाडा. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालून मालकाकडून दंड घ्यायचा तो १८७१ च्या कायद्याखाली. 'दिवाबत्ती' हा शब्द तर रॉकेलचे कंदील जाऊन एलईडी आले तरी पालिकेच्या कारभारातून हललेला नाही. आमच्या क्षेत्रात याला लेगसी कोड म्हणतात. चालतंय ना, मग हात लावू नका!

झाडलोटीबद्दल मात्र विनोद करवत नाही. गावोगावच्या पालिकांचं सगळ्यात मोठं रोजचं काम म्हणजे मैला काढणं. ते एकाच समाजाच्या माणसांनी डोक्यावरून वाहायचं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. तिने १९५२ मध्ये डोक्याऐवजी हातगाडी वापरा असं सुचवलं. हे सांगायला समिती लागली! पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत हक्क मिळाला. म्हणजे घराला आधार मिळाला, आणि काम त्याच घरात राहिलं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

आता पैशाचं. घरपट्टी कुणालाच आवडत नाही, आणि ती वाढवणारा नगरसेवक पुढच्या वेळी पडतो. म्हणून पालिकांचा खरा आधार होती जकात. गावाच्या प्रत्येक वाटेवर नाका, बांबूचं आडवं, खोपट्यात कारकून आणि त्याच्यापुढे पावत्यांचं बुक. गावात खपायला येणाऱ्या मालावर कर. माल नुसता पुढे जायचा असेल तर पास घ्यायचा. नगर रस्त्यावरच्या शिरूरसारख्या गावात ट्रकवाल्यांना याचा काय ताप असेल! चिरीमिरी चालायची हे उघड गुपित होतं. तरी त्या नाक्याचा एक गुण मान्य करावा लागेल. पैसा रोज यायचा, रोख यायचा आणि गावचाच असायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि बदल्यात सरकारी अनुदान सुरू झालं. व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पालिका मात्र कमावत्या माणसाची पेन्शनर झाली. मुंबईला महापालिकेची जकात थेट २०१७ ला जीएसटी येईपर्यंत पुरली, हेही जाता जाता.

मग उरली घरपट्टी. इथे या दोन गावांचं दुखणं सारखंच आहे. शिरूरच्या जवळची मोठी कारखानदारी रांजणगाव एमआयडीसीत, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. दौंडच्या जवळची कुरकुंभला, तीही हद्दीबाहेर. कामगार राहायला, बाजाराला, पोराच्या शाळेला शहरात येणार. पाणी, कचरा, रस्ता शहराच्या माथी आणि कारखान्याचा कर दुसरीकडे. दौंडला तर आणखी एक त्रांगडं आहे. गाव मोठं झालं ते रेल्वेमुळे. पुण्याहून भीमेकाठी लोहमार्ग आला १८५८ मध्ये आणि मनमाडचा फाटा १८७८ मध्ये. पण राज्यघटनेच्या २८५ व्या कलमानुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिकेला कर लावता येत नाही. रेल्वेने सेवाशुल्क द्यायचं, तेही ठरेल तेवढं. ज्याच्यामुळे गाव वसलं त्यालाच घरपट्टी नाही!

२०११ च्या जनगणनेत शिरूर ३७ हजारांच्या आसपास होतं आणि दौंड ४९ हजारांच्या. १९६५ च्या नगरपालिका कायद्यात चाळीस हजारांची रेघ आहे. खाली 'क' वर्ग, वर 'ब' वर्ग. वर्गावर नोकरवर्ग ठरतो, मुख्याधिकाऱ्याची श्रेणी ठरते. मुख्याधिकारी राज्य सरकारचा, बदलीवर येणारा. ठराव पटला नाही तर जिल्हाधिकारी तो रोखू शकतात. १८७३ चा कलेक्टर अध्यक्षाच्या खुर्चीतून उठला, पण दाराबाहेर गेला नाही.

आणि पाणी. दौंड शहराला पाणी लागतं ते खडकवासल्याच्या कालव्याचं. आवर्तन कधी सुटणार हे दौंडची नगरपालिका ठरवत नाही, ते पुण्यात कालवा समितीच्या बैठकीत ठरतं. पुण्याची तहान भागल्यावर. दौंडच्या उशाशी भीमा आहेच की, असं कुणी म्हणेल. पण शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि तिच्यातून काय वाहत येतं ते आपल्याला माहीत आहे, कारण ते आपणच सोडलेलं असतं. औंध-कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आपण फ्लश दाबतो आणि त्याचं उत्तर दौंडच्या नगरसेवकाला वॉर्डातल्या बाईला द्यावं लागतं.

निदान द्यावं लागायचं. कारण मध्ये ती सोयही बंद होती. १४ डिसेंबर २०१६ ला जिल्ह्यातल्या नगरपालिकांचं मतदान झालं. पाच वर्षांची मुदत संपली, पण पुढची निवडणूक काही लागेना. मार्च २०२१ मधला ओबीसी आरक्षणाचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग प्रभागरचनेचा घोळ, मग बांठिया आयोग, मग २०२२ मधला 'जैसे थे' आदेश. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि मतदानाला डिसेंबर उजाडला. निकाल २१ डिसेंबरला. तोवर सुमारे चार वर्षं पालिका प्रशासकाच्या ताब्यात.

प्रशासक वाईट काम करतो असं मुळीच नाही. कित्येकांचा अनुभव उलटा आहे, फाइल लवकर हलते. सभा नाही, गोंधळ नाही, सभात्याग नाही. सूचक तोच, अनुमोदक तोच आणि ठरावही त्याचाच. पण अशा कारभारात हजार रुपयांच्या विषयावर 'नाही' म्हणणारा माणूस बसायचा कुठे? १८८० मध्ये नेमलेल्या सभेतसुद्धा त्याला एक खुर्ची होती.

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नवे सभासद पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांच्यापुढे जे बुक उघडलं गेलं असेल, त्यात चार वर्षं एकाच माणसाची सही होती.