लढाईची रायफल अन् हरणाची शिकार

आज पिकाचं नाही, बंदुकीचं टिपण.

दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं अन् ब्रिटिश फौजेच्या .३०३ ली-एनफील्ड रायफली ढिगानं शिल्लक राहिल्या. कॅनडात त्या स्वस्तात विकल्या गेल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी पुढचं लाकूड कापून वजन कमी केलं अन् हरणाच्या शिकारीला नेल्या.

बंदूक तीच चालली, पण गोळी बदलावी लागली. फौजेची गोळी टोकापर्यंत कडक धातूनं मढवलेली. ती न फुलता आरपार जाते. जखमी हरीण पळतं अन् रानात तडफडून मरतं. शिकारीला टोकाशी शिसं उघडं असलेली गोळी लागते. ती आत फुलते, जनावर लवकर मरतं.

गंमत बघा, अशी .३०३ ची गोळी १८९० च्या दशकात आपल्या कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात बनली. 'दमदम गोळी' हे नाव तिथलंच. १८९९ ला हेगच्या परिषदेत ठरलं, फुलणारी गोळी लढाईत वापरायची नाही. माणसाच्या बाबतीत जी क्रूर ठरली, तीच हरणाच्या बाबतीत बरी!

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हरणाची शिकार बंद. हरभऱ्यात कळप शिरला की राग येतोच. पण बंदुकीचं नाव काढू नका. नुकसान झालं की फोटो काढा, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या.