मांडूचा हरवलेला विजयमनोरा

इंदूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर मांडू ऊर्फ मांडवगड आहे. तेथे जाणाऱ्या शैक्षणिक सहली बहुधा जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप पाहून परततात. जामी मशिदीसमोर अशरफी महालाचे अवशेष आहेत. त्याच्या वायव्य कोपऱ्यातील दगडी बैठकीकडे फारसे कोणी पाहत नाही. ही बैठक म्हणजे ‘हफ्त मंजिल’ या सातमजली विजयमनोऱ्याचा उरलेला तळभाग होय.

माळव्याचा सुलतान महमूद खिलजी (कारकीर्द १४३६ ते १४६९) याने मेवाडच्या मोहिमेनंतर १४४३ मध्ये हा मनोरा उभारविला. विजापूरच्या दरबारातील इतिहासकार फरिश्ता या मनोऱ्याची नोंद करताना त्याची जागा मदरशाच्या संदर्भाने सांगतो, ही बाब महत्त्वाची आहे. अशरफी महाल ही मुळात मदरशाचीच इमारत असावी, असे अभ्यासक मानतात. मधले अंगण, भोवती विद्यार्थ्यांचे हुजरे आणि चार कोपऱ्यांवर बुरूज, अशी तिची रचना होती. पुढे अंगण भरून काढून त्यावर संगमरवरी मकबरा बांधण्यात आला. तोही कोसळला.

१६१७ मध्ये जहांगीर बादशहा मांडूला काही महिने राहिला. त्याच्या आत्मचरित्रात या सातमजली इमारतीचा उल्लेख येतो. म्हणजे बांधल्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनीही मनोऱ्याची ख्याती कायम होती.

याच संघर्षातील दुसरे स्मारक आजही उभे आहे. मेवाडच्या राणा कुंभाचा चितोड येथील नऊमजली विजयस्तंभ १४४८ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे ३७ मीटर आहे. विजयाचा दावा दोन्ही पक्षांनी केला, दोघांनीही तो दगडात कोरून ठेवला. त्यांपैकी एक दगड टिकला, दुसरा ढासळला. परिणामी सर्वसामान्यांच्या स्मरणात एकच बाजू राहिली.

कोणते स्मारक टिकले यावरून युद्धाचा निकाल ठरविता येत नाही. फारसी तवारिखा आणि मेवाडचे शिलालेख शेजारी ठेवूनच त्या काळाचे चित्र स्पष्ट होते. अध्यापकांनी मांडूच्या सहलीत विद्यार्थ्यांना या बैठकीपाशी थोडा वेळ थांबवावे. जे उभे आहे तेवढाच इतिहास नव्हे, हा धडा तेथे समोरच दिसतो. शिवाय विजयाची ही खूण सुलतानाने एका विद्यालयाच्या कोपऱ्यावर उभारली होती, हेही त्यांना कळेल.