अन्न जिरते कसे? जठररसाच्या शोधाचा इतिहास

पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे नेमके काय होते, या प्रश्नावर सतराव्या शतकातील युरोपात दोन तट पडले होते. शरीराला यंत्र मानणाऱ्या जोव्हान्नी बोरेल्ली यांच्यासारख्या इटालियन पंडितांच्या मते जठराचे स्नायू अन्न भरडतात आणि तेच पचन होय. तर फ्लँडर्समधील व्हान हेल्माँट व त्यांच्यामागून आलेले रसायनवादी वैद्य म्हणत की अन्न जठरात आंबते व त्याचे स्वरूपच पालटते. भरडण्याचा पक्ष वरचढ ठरला, कारण त्याच्या हाती डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. फ्लॉरेन्समधील ‘अकादेमिया देल चिमेन्तो’ या विद्वत्सभेने कोंबड्या-बदकांना काचेचे पोकळ गोळे गिळवले, तेव्हा त्यांचा चक्क चुरा झाला. धान्य टिपणाऱ्या पक्ष्यांच्या जठराचा मागचा भाग, म्हणजे पेषणी, जाड स्नायूंची असते आणि गिळलेले खडे तीत दातांचे काम करतात. पुरावा खरा होता; पण ज्यांच्यापासून तो मिळाला ते प्राणीच मुळात दळून खाणारे होते, आणि त्यावरून साऱ्या प्राणिसृष्टीविषयी निष्कर्ष काढला गेला होता.

ही कोंडी फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेऑम्यूर यांनी १७५२ मध्ये फोडली, ती केवळ वेगळा पक्षी निवडून. घारीसारख्या शिकारी पक्ष्याचे जठर पातळ भिंतीचे असते, आणि न पचणारी पिसे-केस तो तोंडावाटे ओकून टाकतो. म्हणजे त्याला काही गिळवले तर पक्षी न मारता ते परत मिळते. रेऑम्यूर यांनी धातूच्या नळीत मांसाचा तुकडा ठेवून तिच्या दोन्ही टोकांना तारेची जाळी लावली, जेणेकरून रस आत शिरेल पण दाब पोहोचणार नाही. नळी परत आली तेव्हा तिला पोचा नव्हता आणि मांस मात्र मऊ पडून झिजले होते, तरी त्याला कुजल्याचा वास नव्हता. पुढे नळीत स्पंज ठेवून त्यांनी तो रसही मिळवला. त्याने निळा लिटमस कागद तांबडा झाला, म्हणजे रस आम्लधर्मी होता. शरीराबाहेर त्या रसाने मांस पचवण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र साधला नाही.

तो साधला पाव्हिया विद्यापीठातील लाझ्झारो स्पालान्झानी यांना. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधांत बेडूक, साप, मासे, मेंढ्या अशा कितीतरी प्राण्यांवरील प्रयोग आहेत. रस ऊबदार राहिला तरच काम करतो हे ओळखून त्यांनी रस व मांस भरलेल्या काचेच्या नळ्या स्वतःच्या काखेत धरून ठेवल्या. चघळलेली भाकरी कापडी पिशवीत शिवून त्यांनी स्वतः गिळली. पिशवी दुसऱ्या दिवशी मलावाटे बाहेर पडली ती रिकामी, पण शिवण जशीच्या तशी. इतके करूनही जठररस आम्लधर्मी आहे हे त्यांना मान्य नव्हते, आणि हा वाद विल्यम प्राउट यांना १८२४ च्या सुमारास त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सापडेपर्यंत धुमसत राहिला.

माणसाच्या जठरात थेट पाहण्याची संधी अपघाताने आली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापाऱ्यांकडे राबणाऱ्या आलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट त्यातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांस, भाकरी, कोबी आत सोडत आणि तासातासाने ओढून पाहत. १८३२ च्या करारानुसार या देहाची किंमत होती वर्षाला १५० डॉलर आणि जेवणखाण. बोमाँट यांच्या १८३३ च्या ग्रंथाचे श्रेय जितके त्यांचे, तितकेच या गरीब, निरक्षर मजुराचे आहे आणि ते त्याला द्यायला हवे; कंटाळून तो अनेकदा घरी निघून गेला, यात त्याचा दोष काढण्यासारखे काही नाही.

त्याच ग्रंथात बोमाँट यांनी नमूद केले होते की आम्लाखेरीज या रसात आणखी काही कार्यकारी द्रव्य असले पाहिजे. बर्लिनमध्ये थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये ते ओळखून त्याला पेप्सिन असे नाव दिले. ते एक विकर आहे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, आणि म्हणूनच त्याचा अल्पसा अंशही पुष्कळ प्रथिनांचे तुकडे करू शकतो. आम्ल त्याला त्यासाठी लागणारी परिस्थिती पुरवते.