चुलीची पत

बेंगळूरसारख्या नोकरदारांच्या शहरात चार मैत्रिणींनी रविवारी एका घरी जमावे, आठवडाभराच्या उसळी, भाज्या आणि वाटणे एकत्र तयार करावीत, आणि डबे भरून आपापल्या घरी न्यावेत, ही युक्ती आज नवी वाटण्याजोगी आहे. वस्तुतः वाटून घेतलेला स्वयंपाक मराठी घरांना अपरिचित नाही. उन्हाळा लागला की पापड, कुरडया आणि शेवया करण्यासाठी आळीतल्या बायका जमत. आज हिच्या घरी, तर उद्या तिच्या. त्यात पैशाची देवघेव नसे. श्रमाची फेड श्रमानेच होई. मात्र हीच रीत उपजीविकेच्या कामी आली तेव्हा काय घडले, ते मुंबईच्या गिरणगावात पाहावयास मिळते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष कामाला आले. बायकामुले बहुधा गावी राहत. एकेका खोलीत अनेकांचे बिऱ्हाड असे. निजण्याची जागादेखील पाळीप्रमाणे वाटून घ्यावी लागे. अशा माणसांना दोन वेळचे जेवण कोणी घालावयाचे? शेजारच्या खोलीतल्या एखाद्या कामगाराच्या बायकोने किंवा विधवेने ते काम पत्करले. हीच गिरणगावची खाणावळ. तिला पाटी नव्हती, की मेजखुर्ची नव्हती. घरच्या चार माणसांच्या भाकरीबरोबर आणखी दहापंधरा जणांच्या भाकऱ्या थापल्या जात, एवढेच.

या व्यवसायाचे खरे दुखणे हिशेबात होते. जेवणारा पैसे देई तो महिन्याच्या पगारावर. तांदूळ, डाळ, रॉकेल मात्र रोज लागे. मधल्या दिवसांसाठी वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे कर्ज, असा क्रम ठरलेला असे. व्याज वाढत जाई आणि अंगावरचा डाग गहाण पडे. तारण म्हणून ठेवावयास दुसरे काही नसल्यामुळे बँकेचा दरवाजा तिला बंदच होता. शिवाय स्वयंपाक हे बाईचे घरकाम, तो व्यवसाय कसला, अशीच समजूत रूढ होती.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली. या संधीचा अर्थ गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी नेमका ओळखला. १९७५ साली चौदा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाचा पाया घातला. ज्यांच्याजवळ तारण नव्हते, त्यांनी परस्परांचा जामीन घेतला. एकीचा हप्ता चुकला तर तिच्या दारी जाऊन विचारणा करण्याचे काम मैत्रिणींचे. अंगणातल्या पापडांची जुनी रीतच येथे बँकेच्या खतावणीत शिरली. श्रमाऐवजी शब्दाची फेड होऊ लागली.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, पुष्कळजण गावी परतले, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. जेवणारेच गेले, तेव्हा एकटीच्या चुलीला निभाव लागणे अवघड होते. मंडळाने सामुदायिक स्वयंपाकघराचा मार्ग धरला आणि बाहेर डबे व जेवण पुरविण्याचे काम हाती घेतले. प्रेमा पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली.

या इतिहासात पाककृतींची नोंद नाही, आणि भाकरी पूर्वीसारखीच थापली जात होती. पालटली ती थापणारीची गणना. पूर्वी तिच्या नावापुढे केवळ वाण्याची उधारी लिहिलेली असे. पुढे त्याच नावाने बँकेत खाते उघडले गेले, आणि तिच्या श्रमाला काम हे नाव मिळाले.