रिकाम्या जागेचे वाचन : ग्लास्टनबरी महोत्सव आणि रसिकांच्या अटकळी

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टन्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली आणि वाङ्मयेतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाला आणले. कृती हाती येण्याआधीच वाचकाजवळ पूर्वानुभवातून घडलेली अपेक्षांची एक चौकट असते. कृती ती चौकट पूर्ण करते, मोडते किंवा रुंदावते, असे या विचाराचे सूत्र आहे. अभ्यासकांपुढे मात्र एक अडचण कायम राहते. ही अपेक्षा बहुधा कोठेही नोंदलेली नसते. ती कृतीवरून किंवा नंतरच्या टीकेवरून मागाहून अनुमानावी लागते. ज्या सांस्कृतिक व्यवहारात अपेक्षा आधीच आणि उघडपणे बोलून दाखवली जाते, असा व्यवहार म्हणूनच तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधील उन्हाळी संगीत महोत्सवांच्या कलाकारयादीविषयी रसिक जे तर्क लढवतात, ते या प्रकारचे आहेत. ग्लास्टनबरी महोत्सवाच्या इतिहासातून त्यांचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

सॉमरसेट परगण्यातील पिल्टन या गावी मायकेल ईव्हिस या दुग्धव्यावसायिकाच्या वर्दी फार्म या शेतावर १९ सप्टेंबर १९७० रोजी पहिला महोत्सव भरला. त्याच वर्षीचा 'बाथ ब्लूज महोत्सव' पाहून ईव्हिस यांना ही कल्पना सुचली होती. प्रवेशशुल्क एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध मोफत मिळे. सुमारे १,५०० श्रोते जमले. मुख्य कलाकार म्हणून 'द किंक्स' या वाद्यवृंदाचे नाव ठरले होते. परंतु त्यांनी माघार घेतल्याने मार्क बोलन यांचा 'टिरॅनोसॉरस रेक्स' त्यांच्या जागी आला. जाहीर झालेले नाव आणि प्रत्यक्ष मंचावर येणारा कलाकार यांतील अंतर अशा रीतीने या महोत्सवाच्या पहिल्याच दिवसापासून आहे. पुढल्या वर्षी, १९७१ च्या जूनमध्ये, उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास महोत्सव भरला तेव्हा पहिला पिरॅमिड मंच उभा राहिला आणि उन्हाळ्याशी असलेले त्याचे नाते पक्के झाले.

आरंभीच्या काळात यादीविषयीची उत्सुकता ही सामान्य कुतूहलाच्या पातळीवर होती. तिला नियमित वाचनपद्धतीचे रूप आले ते तिकीटविक्रीच्या व्यवस्थेमुळे. अलीकडच्या काळात बहुतांश तिकिटे आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, म्हणजे कलाकारांची यादी प्रसिद्ध होण्यापूर्वीच, विकली जातात. २०२५ च्या महोत्सवाची तिकिटे नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीस आली. सर्वसाधारण विक्री सुमारे ३५ मिनिटांत संपली आणि यादीचा पहिला मोठा भाग मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. ग्राहकाने मूल्य चुकते केले आहे, पण आपण काय विकत घेतले हे त्याला ठाऊक नाही, अशी ही काही महिन्यांची अवस्था असते. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या रिकाम्या जागांचे विवेचन केले, त्या वाचकाला अर्थनिर्मितीत सहभागी करून घेतात. येथे तर अवघी संहिताच काही काळ रिकामी असते.

ही जागा भरण्याची रसिकांची रीत स्वैर नाही. एखाद्या कलाकाराच्या दौऱ्याच्या वेळापत्रकात जूनच्या अखेरीस खंड आहे काय, त्याच सुमारास डेन्मार्कमधील रॉस्किल्ड किंवा बेल्जियममधील वेर्ख्टर येथे तो गाणार आहे काय, त्याचा नवा संग्रह केव्हा येतो, हे पाहिले जाते. आयोजक कराराद्वारे जवळपासच्या कार्यक्रमांवर बंधन घालू शकतात. म्हणून वेळापत्रकातील मौनही पुरावा मानले जाते. यादी आल्यावर नावांचा क्रम, अक्षरांचा आकार आणि 'नंतर जाहीर होईल' असे लिहिलेली स्थाने यांचे बारकाईने परीक्षण होते. पूर्वी अशा वदंता 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'सारख्या संगीतविषयक साप्ताहिकांतून पसरत. त्या साप्ताहिकाची छापील आवृत्ती २०१८ मध्ये थांबली, तर्काची पद्धत मात्र टिकून राहिली. हस्तलिखितातील गळालेला पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाच्या कामाशी तिचे साधर्म्य आहे. फरक एवढाच की येथे मूळ पाठ काही महिन्यांनी स्वतःच प्रकट होतो आणि तर्काचा खरेखोटेपणा ठरवतो.

तथापि ही रीत केवळ बुद्धीचा खेळ मानणे पुरेसे नाही. 'कोण येईल' या प्रश्नाखाली 'कोणी यावे' हा प्रश्न दडलेला असतो. २००८ साली अमेरिकन रॅप गायक जे-झी यांचे नाव मुख्य कलाकार म्हणून जाहीर झाले, तेव्हा हा दुसरा प्रश्न उघड्यावर आला. 'ओएसिस'चे नोएल गॅलघर यांनी हिप-हॉप या महोत्सवाच्या परंपरेत बसत नाही, अशा आशयाचे मत जाहीरपणे मांडले. जे-झी यांनी मंचावर येताच गळ्यात गिटार अडकवून ओएसिसचेच 'वंडरवॉल' छेडले आणि आक्षेपाला उपरोधाने उत्तर दिले. याउस ज्याला क्षितिज आणि कृती यांमधील सौंदर्यात्मक अंतर म्हणतात, ते येथे एका संध्याकाळी सर्वांसमोर आले. तेवढ्याने वाद मिटला नाही. २०१५ साली कान्ये वेस्ट यांच्या निवडीविरुद्धच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. मात्र २०१९ मध्ये स्टॉर्मझी हे पिरॅमिड मंचावर मुख्य स्थान मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ब्रिटिश एकल कलाकार ठरले, तेव्हा रॅप त्या मंचावर बसते काय, हा प्रश्न पूर्वीइतका धारदार उरला नव्हता. २०२३ मध्ये तिन्ही मुख्य स्थाने पुरुषांकडे गेल्याची टीका झाली. २०२४ मध्ये दुआ लिपा आणि सिझा यांच्या रूपाने प्रथमच एका वर्षी दोन स्त्रिया त्या स्थानी आल्या. वाङ्मयीन अभिजातता ठरवताना जे पक्षपात अबोलपणे काम करतात, ते येथे अंदाज, हरकत आणि सह्या यांच्या रूपाने बोलके झालेले दिसतात. अटकळ बांधणारा श्रोता नकळत सीमाही आखत असतो.

अपेक्षाभंगातून नवे क्षितिज कसे घडते, याचे उदाहरण 'पल्प' या वाद्यवृंदाच्या दोन प्रवेशांत मिळते. १९९५ साली शनिवारचे मुख्य स्थान 'द स्टोन रोझेस'चे होते. त्यांचे गिटारवादक जॉन स्क्वायर यांचे सायकल अपघातात गळपट्टीचे हाड मोडले आणि ऐनवेळी पल्पला बोलावणे गेले. त्यांचे 'कॉमन पीपल' हे गीत त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाले होते. ज्यांची अपेक्षा नव्हती त्यांचा तो प्रयोग महोत्सवाच्या स्मृतीतील मानदंड बनला. त्यानंतरच्या काळात आयोजकांनीही रिकाम्या जागेचे सामर्थ्य ओळखून तिची योजना करण्यास आरंभ केला. २०११ मध्ये 'रेडिओहेड' आणि पल्प यांनी पार्क मंचावर अघोषित प्रयोग केले. २०२३ मध्ये 'द चर्नअप्स' या अपरिचित नावाआडून 'फू फायटर्स' आले. २०२५ च्या यादीत 'पॅचवर्क' असे कोणालाच माहीत नसलेले नाव छापले गेले. २८ जून रोजी त्या नावाने पिरॅमिड मंचावर आले ते पल्प, १९९५ नंतर बरोबर तीस वर्षांनी. ज्याला हा इतिहास ठाऊक होता त्याला ते टोपणनाव वाचता येत होते. ज्याला नव्हता त्याच्यासाठी ते एक अनोळखी नाव होते. एके काळी अपघाताने पडलेली उणीव आता जाणत्या श्रोत्याला उद्देशून रचलेला संकेत झाली होती.

या इतिहासातून दोन गोष्टी हाती येतात. एक, अपेक्षांचे क्षितिज ही केवळ मागाहून अनुमानण्याची वस्तू नसून, विशिष्ट आर्थिक व सामाजिक व्यवस्थेत ते प्रत्यक्ष घडताना पाहता येते. तिकीट आधी आणि यादी नंतर हा क्रम नसता तर ते इतके स्पष्ट उमटले नसते. दोन, हे क्षितिज निरागस नसते. त्यात स्मृती आणि आस्था असते, तशीच बहिष्काराची रेघही असते. फसलेला अंदाज अभ्यासकाने म्हणूनच टाकून देऊ नये. खरा ठरलेला तर्क मंचावरच्या घटनेत विरून जातो. खोटा ठरलेला तर्क मात्र एका समाजाला आपल्या मंचावर कोण हवे होते आणि कोण नको होते, याची साक्ष मागे ठेवतो. साहित्याच्या ग्रहणाचा इतिहास लिहिताना अशी साक्ष क्वचितच मिळते.