माहिती खरवडण्याचे तंत्र

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातील बाजार समित्यांचे दर प्रसिद्ध होतात. बाजार समितीचे नाव, शेतमालाची जात वा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असा तो तक्ता असतो. लासलगावला आज कांदा काय भावाने गेला, एवढेच पाहायचे असेल तर हे पान पुरेसे आहे. परंतु वीस बाजार समित्यांमधील कांद्याचा भाव वर्षभरात कसा चढला-उतरला, हे अभ्यासायचे असेल तर हजारो ओळी उतरवून घ्याव्या लागतात. हाताने हे काम करायचे तर कित्येक दिवस मोडतात आणि चुका होतात त्या वेगळ्याच. हेच काम संगणकाकडून करवून घेण्याच्या तंत्राला ‘वेब स्क्रेपिंग’ म्हणतात. स्क्रेपिंग म्हणजे खरवडणे. दुधाच्या पातेल्याच्या तळाला धरलेली खरवड उलथन्याने सोडवून घ्यावी, तशी पानावरील मजकुरातून हवी तेवढीच माहिती आज्ञावलीच्या साहाय्याने सोडवून घेतली जाते आणि तिची यादी तयार होते.

या तंत्राचे मूळ महाजालाइतकेच जुने आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचा विद्यार्थी मॅथ्यू ग्रे याने ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’ ही आज्ञावली ‘पर्ल’ या भाषेत लिहिली. एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात महाजालाचा पसारा मोजणे हे तिचे काम होते. पुढे शोधयंत्रे याच कल्पनेवर उभी राहिली. शोधयंत्राची आज्ञावली मिळेल त्या पानाची नोंद घेत पुढे जाते. स्क्रेपिंगची आज्ञावली मात्र ठरावीक पानांवरील ठरावीक रकानेच उचलते.

यादीने उघड केलेली महागाई

अशी यादी काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाचे आहे. २००७ च्या प्रारंभी तेथील सरकारने राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या किंमत निर्देशांक विभागातील जबाबदार अधिकाऱ्यांना हटवले. त्यानंतर महागाईचे सरकारी आकडे बाजारातील अनुभवाशी जुळेनासे झाले. लोकांना दुकानात दिसणारी भाववाढ एक आणि सरकारी पत्रकातील दुसरी, असा प्रकार सुरू झाला. परंतु अनुभव हा पुरावा ठरत नाही. पुराव्यासाठी त्याच वस्तूंचे, त्याच दुकानांतील, रोजचे भाव हवे होते.

मूळचे अर्जेंटिनाचे आणि त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे संशोधन करणारे अल्बर्टो कावाय्यो यांनी हे भाव सुपरमार्केटांच्या संकेतस्थळांवरून आज्ञावलीद्वारे रोज गोळा केले. ऑक्टोबर २००७ ते मार्च २०११ या काळात सरकारी आकडेवारीनुसार महागाईचा वार्षिक दर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास होता; संकेतस्थळांवरील किमतींनुसार तो २० टक्क्यांच्या वर होता. हा फरक किरकोळ नाही. शंभर पेसोंची वस्तू तीन वर्षांनी पहिल्या दराने सुमारे १२६ पेसोंना, तर दुसऱ्या दराने सुमारे १७३ पेसोंना मिळते. महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांवर लोकांना मिळणारी रक्कम आणि गरिबीचे मोजमाप या दोन्ही गोष्टी याच आकड्यावर अवलंबून होत्या.

पद्धतच सदोष असेल, हा आक्षेप येणार हे उघड होते. म्हणून ब्राझील, चिली, कोलंबिया आणि व्हेनेझुएला या देशांतील किमतीही त्याच रीतीने गोळा करण्यात आल्या होत्या. तेथे यादीवरून काढलेला दर सरकारी दराच्या जवळपास जाणारा निघाला. फरक फक्त अर्जेंटिनात होता. कावाय्यो आणि एमआयटीचे रॉबेर्तो रिगोबोन यांनी २००८ मध्ये ‘बिलियन प्राइसेस प्रोजेक्ट’ सुरू केला. २०१० पर्यंत ५० देशांतील ३०० हून अधिक विक्रेत्यांच्या ५० लाख किमती त्यात रोज जमा होत होत्या. अर्जेंटिना सरकारने २०११ मध्ये स्वतंत्रपणे महागाईचे अंदाज प्रसिद्ध करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना दंड केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदोष आकडेवारीबद्दल त्या देशावर ठपका ठेवला. सरकार बदलल्यानंतर २०१६ मध्ये नवा निर्देशांक आला आणि त्याच वर्षी हा ठपका दूर झाला.

दुकानाच्या संकेतस्थळावर आजचा भाव असतो. कालचा भाव पुसून त्या जागी तो आलेला असतो. रोज उतरवून घेतलेली यादी कालचा भाव जपून ठेवते. स्क्रेपिंगचे खरे महत्त्व या जपणुकीत आहे.

पानापासून यादीपर्यंत

या कामासाठी ‘पायथन’ ही भाषा विशेष लोकप्रिय आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. लेनर्ड रिचर्डसन यांनी २००४ मध्ये पायथनसाठी ‘ब्युटिफुल सूप’ हा मोफत आज्ञासंच आणला. कामाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

प्रथम आज्ञावली संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पानाची मागणी करते. उत्तरादाखल एचटीएमएल भाषेतील मजकूर येतो. वाचकाला दिसणारा सुबक तक्ता या मजकुरात खुणांच्या म्हणजे ‘टॅग’च्या रूपात असतो. संपूर्ण तक्त्याची एक खूण, त्यातील प्रत्येक ओळीची एक आणि ओळीतील प्रत्येक घराची एक. ब्युटिफुल सूप या खुणा वाचून त्यांची वंशावळीसारखी मांडणी करते. मग ‘या तक्त्यातील सर्व ओळी दे’ अशी मागणी करता येते.

यानंतर एक रिकामी यादी घेतली जाते. आज्ञावली एकेक ओळ उचलते, तिच्यातील घरांचा मजकूर वेगळा करते आणि त्याची नोंद यादीच्या शेवटी जोडते. ओळी संपल्या की दुसरे पान. नवशिक्यांची पहिली चूक येथेच होते. रिकामी यादी घेण्याची सूचना आवर्तनाच्या आत लिहिली गेली, तर प्रत्येक पानागणिक यादी नव्याने रिकामी होते आणि अखेरीस केवळ शेवटचे पान हाती उरते. शिवाय ही यादी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. आज्ञावलीचे काम संपताच ती नाहीशी होते, म्हणून ती फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. मूळ पानाची प्रतही तारखेसह जतन करणे शहाणपणाचे असते, कारण शंका आल्यास पडताळा त्यावरूनच घेता येतो.

न दिसणाऱ्या चुका

आज्ञावली बंद पडली तर चूक लगेच कळते. आज्ञावली सुरळीत चालते आणि यादी मात्र चुकीची होते, तेव्हा खरा धोका असतो.

समजा, बाजार समित्यांच्या नावांची एक आणि दरांची दुसरी अशा दोन याद्या केल्या. सातव्या बाजार समितीत त्या दिवशी लिलाव झाला नाही, म्हणून दराचे घर रिकामे आहे आणि आज्ञावलीने ते वगळले. आता नावे वीस आणि दर एकोणीस. आठव्या समितीचा दर सातवीच्या नावापुढे येतो आणि तेथून पुढची प्रत्येक ओळ एका घराने सरकते. दोन याद्यांची सांगड घालणारी पायथनमधील सोय लहान यादी संपताच गुपचूप थांबते. याद्यांची लांबी वेगळी असल्यास चूक दाखवावी, अशी सूचना देण्याची सोय २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत आली. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन याद्या करूच नयेत. एका ओळीची सर्व माहिती एकाच नोंदीत ठेवावी आणि अशा नोंदींची एकच यादी करावी.

रिकाम्या घराच्या जागी शून्य भरणे ही दुसरी चूक होय. भाव शून्य असणे आणि भाव ठाऊक नसणे यांत मोठा फरक आहे. शून्य भरले की सरासरी विनाकारण कोसळते. तिसरी अडचण आकड्यांची. पानावरून येणारा आकडा हा संगणकाच्या लेखी अक्षरांचा समूह असतो. अक्षरे म्हणून तुलना केली तर ‘९००’ हे ‘१२००’ पेक्षा मोठे ठरते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. म्हणून मजकुराचे संख्येत रूपांतर करावे लागते. ‘१२००’ हा देवनागरी आकडा पायथन संख्या म्हणून स्वीकारते. ‘१,२००’ मधील स्वल्पविराम मात्र आधी काढावा लागतो.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापला स्वतंत्र फाँट वापरत. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी यादीत निरर्थक रोमन अक्षरे उतरतात. जुन्या पानांसाठी फाँटनुसार रूपांतर करावे लागते.

काही संकेतस्थळांवर पानाचा सांगाडा आधी येतो आणि तक्ता जावास्क्रिप्टद्वारे मागाहून भरला जातो. साध्या आज्ञावलीच्या हाती केवळ सांगाडा लागतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी हाच परिणाम होतो : खूण सापडत नाही, यादी रिकामी राहते आणि तक्रार काहीच येत नाही. त्यामुळे रोज किती ओळी मिळाल्या हे मोजून, संख्या एकाएकी घटल्यास काम थांबवण्याची सूचना आज्ञावलीतच असावी लागते.

परवानगी आणि मर्यादा

पान सर्वांना दिसते, म्हणून ते कसेही आणि कितीही उचलावे असे नाही. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलचा संकेत सुचवला. आज्ञावल्यांनी कोणत्या पानांकडे जाऊ नये, हे संकेतस्थळाचा चालक त्यात लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये या संकेताला इंटरनेट मानकाचे अधिकृत रूप मिळाले. ही फाइल कुलूप नव्हे, दारावरची पाटी आहे. ती पाळणे सभ्यतेचा भाग होय. दोन मागण्यांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवणे हाही त्याच सभ्यतेचा भाग आहे, कारण लहान संकेतस्थळ लागोपाठच्या मागण्यांनी कोलमडू शकते.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. ‘बिडर्स एज’ या कंपनीची आज्ञावली ‘ईबे’च्या संकेतस्थळावर दिवसाला सुमारे एक लाख मागण्या करत होती. २००० मध्ये अमेरिकी न्यायालयाने तिला मनाई केली. ‘लिंक्डइन’विरुद्धच्या ‘हायक्यू’ कंपनीच्या खटल्यात एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाने, सर्वांना खुली असलेली माहिती गोळा करणे हा संगणकात बेकायदा शिरकाव ठरण्याची शक्यता नाही, असे मत दिले. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ न्यायालयाने हायक्यूने संकेतस्थळाच्या वापराच्या अटी मोडल्याचा निर्णय दिला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती उतरवून घेणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. स्वामित्वहक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी’च्या प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ श्रम व पैसा खर्च केला म्हणून संकलनाला हा हक्क मिळत नाही, त्यात किमान सर्जनशीलता हवी. व्यक्तींची नावे, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्रे यांच्या याद्या करण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. समाजमाध्यमांवरील अब्जावधी छायाचित्रे गोळा करणाऱ्या ‘क्लिअरव्ह्यू एआय’ या कंपनीला इटलीच्या नियामकाने २०२२ मध्ये दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला.

कांद्याच्या भावाची यादी आणि माणसांची यादी यांत आज्ञावलीच्या दृष्टीने काहीच फरक नसतो; तो फरक आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. त्याचप्रमाणे, कोणते घर रिकामे होते आणि कोणत्या दिवशी पान मिळालेच नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. अर्जेंटिनातील यादीवर विश्वास बसला, तो तिच्यातील किमतींच्या संख्येमुळे नव्हे, तर तीच पद्धत अन्य देशांत पडताळून पाहिल्यामुळे.