राक्षसभुवनचा उतार आणि चिंचोक्यांची फौज

दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातला सातवा धडा ‘खेळ आणि इतिहास’ या नावाचा आहे. २०१८ साली आलेल्या या पुस्तकात इतिहासाचे नऊ धडे आहेत. इतिहासलेखनाच्या परंपरांपासून ठेव्यांच्या जतनापर्यंतच्या या नऊ धड्यांत खेळांना एक अख्खा धडा मिळाला, ही आपल्या शालेय पुस्तकांच्या परंपरेत लहान गोष्ट नाही. बैठे खेळ, मैदानी खेळ, खेळणी, पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेली भारतीय बनावटीची हस्तिदंती बाहुली, सारे त्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत हा धडा चालू असताना मी मागच्या बाकावर बसलो होतो. धडा वाचून झाला, मुलांनी पेन्सिलीने खुणा केल्या, बैठ्या खेळांची व्याख्या फळ्यावरून वहीत उतरली. तासभरात कोणीही काही खेळले नाही.

शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची लेखी परीक्षा, अभ्यासक्रम मोठा, आणि आमच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण. दसरा झाला की वर्ग रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गावात आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह असेल ती मुले राहतात, बाकीची कोपीवर. ती परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. बाकीच्यांची जी उजळणी, ती या मुलांच्या दृष्टीने पहिलीच शिकवणी. म्हणून उजळणी कशी घ्यावी हा प्रश्न इथे केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही.

मी शिक्षक नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. गॅझेटियर, बखरी आणि पत्रसंग्रह वाचत इथवर आलो. जिल्ह्याच्या इतिहासावर बोलायला शाळा बोलावतात, तेव्हा मुलांना बोलके करायला मी प्रश्नमंजूषा घेऊ लागलो. खजाना बावडी कोणी बांधली? सलाबतखान, काम राजा भास्करचे, साल १५८२. धारूरचा किल्ला? आदिलशाहीचा किश्वरखान. दोन गट, घंटा, टाळ्या. वर्ग दणाणून जायचा आणि मी खूश होऊन घरी यायचो. दोन-तीन वर्षांनी ध्यानात आले की प्रत्येक शाळेत उत्तरे तीच तीन मुले देतात. ज्यांना आधीच येत होते त्यांची उजळणी झाली, ज्यांना येत नव्हते त्यांना आपल्याला येत नाही हे चारचौघांत कळले. ही मंजूषा मी बंद केली.

त्यानंतर सापशिडीकडे वळलो. अनेक उत्साही शिक्षक पुठ्ठ्यावर ऐतिहासिक सापशिडी करतात. शिडीच्या पायथ्याशी १६७४ चा राज्याभिषेक, सापाच्या तोंडाशी १७६१ चे पानिपत. मीही केली. पण फासे टाकणारे मूल पानिपतच्या घरात का पडले? फाशावर तीन आले म्हणून. तिथून खाली का गेले? साप काढला होता म्हणून. त्यात इतिहास फक्त चिकटवलेला होता, नियमांत तो नव्हताच.

इथे आपल्याच परंपरेतल्या मोक्षपटाची आठवण होते. सद्गुणाच्या घरातून वर, दुर्गुणाच्या घरातून खाली, शेवटी मुक्ती, असा हा पट कवड्या टाकून खेळत. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे सर्रास छापले जाते. त्याला समकालीन पुरावा नाही, आणि जे जुने पट अभ्यासले गेले ते मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये पश्चिम भारतातल्या या पटांवर प्रबंधच लिहिला. (ज्ञानेश्वरांचे नाव घेतल्याशिवाय आपल्याला आपल्या वस्तू मौल्यवान वाटत नाहीत, हा वेगळा विषय.) मला महत्त्वाचे वाटते ते असे की मोक्षपटात नियम हेच तत्त्वज्ञान आहे. लोभाच्या घरातून माणूस खाली जातो, कारण लोभाने खाली जायचे असते. खेळणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिक्षणात खेळ आणण्याची कल्पना काही आजची नाही. केंब्रिजच्या पर्स शाळेतल्या कॉल्डवेल कुकचे ‘द प्ले वे’ १९१७ मध्ये निघाले. आपल्याकडे गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर गोष्टींतून इतिहास शिकवतो. वि. द. घाट्यांनी इतिहासाच्या अध्यापनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मला मात्र बीडच्या मुलांना बीडचीच एखादी घटना द्यायची होती, आणि तिची कारणे खेळाच्या नियमांत बसली पाहिजेत अशी अट मी स्वतःला घातली. तशी घटना शोधायला फार लांब जावे लागले नाही.

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन आहे. लोक तिथे शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपतला जेमतेम अडीच वर्षे झाली होती, माधवराव अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी निजामाने पुणे लुटून जाळले होते आणि पेशव्यांच्या फौजा त्याच्या मुलखात धुमाकूळ घालत होत्या. निजामअली सैन्याचा मोठा भाग घेऊन औरंगाबादच्या बाजूला पार झाला. पावसाळ्यातली गोदावरी मध्ये आली. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या काठावर राहिला. निजामाला मिळालेले नागपूरचे जानोजी भोसले सैन्याचे पैसे मिळाले नाहीत या सबबीवर बाजूला झाले होते, आणि आतून त्यांचे पेशव्यांशी बोलणे झालेले होते. मराठी फौज लांब मजला मारीत आली आणि दिवाणावर तुटून पडली. राघोबादादा गराड्यात सापडले, माधवरावांनी धाव घेतली, विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला पाहण्याखेरीज फारसे काही करता आले नाही. तहात ८२ लाखांचा मुलूख परत मिळाला.

नदी, वेळ, पैसा आणि फितुरी. या चार गोष्टी काढल्या तर राक्षसभुवनची लढाई शिल्लक राहत नाही. मी जुन्या धोतराच्या कापडावर दोन काठ काढले. कापडच का, याचे उत्तर अंबाजोगाईत आहे. दासोपंतांनी पंचीकरणाचा सगळा पसारा आकृत्यांसह एका लांबलचक पासोडीवर लिहून ठेवला, तो पाहिल्यापासून पुठ्ठ्यावरचा माझा विश्वास उडाला. कापडाची घडी होते, भिजले तर वाळते, आणि कोपीत पत्र्याच्या पेटीत मावते.

चाळीस चिंचोके म्हणजे निजामाची पथके, पाच खडे म्हणजे तोफा, एक गुंज म्हणजे दिवाण. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके नग पलीकडे. आधी काय न्यायचे ते निजामाच्या गटाने ठरवायचे. दुसऱ्या टोकाकडून मराठ्यांची फौज घरे मोजत येते. दर डावाला एक चिठ्ठी: नदी चढली, नदी उतरली, मजल लांबली. निजामाच्या गटातल्या एकाला गुपचूप ‘जानोजी’ अशी चिठ्ठी मिळते. तो हवे तेव्हा आपले चिंचोके घेऊन बाजूला होऊ शकतो, फक्त सबब सांगावी लागते. मराठे पोचतील तेव्हा अलीकडच्या काठावर जे उरले असेल तेवढ्यांनीच लढायचे.

पहिली अडचण नदीनेच केली. जायकवाडीच्या खालची वाळू उघडी पडलेली गोदावरी पाहत वाढलेल्या मुलांना नदी फौज अडवते हे पटेना. धरणाचे दरवाजे सोडल्यावर काय होते ते आठवायला सांगितले, मग पटले. दुसरी अडचण मला अपेक्षित नव्हती. गट पाडताना मुलांनी कोणाला न विचारता वर्गातल्या एकुलत्या मुसलमान मुलाला निजामाच्या बाजूला बसवले आणि तोही मुकाट्याने जाऊन बसला. मी थांबवणार होतो, पण थांबलो नाही. चिठ्ठ्या उघडल्या. दिवाणाची चिठ्ठी ज्याला मिळाली त्याने विचारले, “काका, विठ्ठल सुंदर हे तर आपल्यातलं नाव आहे.” मी म्हणालो, ब्राह्मण होता, निजामाचा दिवाण होता. जानोजी तर भोसले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही त्या वर्षी राघोबादादांवर रुसून निजामाकडे गेलेले. आणि १७६० साली उदगीरला मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी. वर्ग जरा वेळ गप्प राहिला. तो मुलगा एकदम म्हणाला, “मग मी माधवराव होतो.” झाला, आणि जिंकलाही. तेव्हापासून गट चिठ्ठ्यांनीच पाडायचे, हा नियम मी कापडाच्या कोपऱ्यात शाईने लिहून ठेवला आहे.

पटवर्धनांवरून एक वेगळीच गंमत मुलांना सांगता येते. या काळाच्या बातम्या ज्या पत्रांतून कळतात त्यांतली कितीतरी पत्रे पटवर्धनांच्या दप्तरातली, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापलेली. गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत निघाले, त्यांतही हा काळ आहे. ज्या घराण्याचा कर्ता त्या वर्षी दुसऱ्या बाजूला होता, त्याच घराण्याने कागद जपले. दहावीच्या दुसऱ्या धड्यात बखरी आणि साधनांची माहिती येते. ती वाचण्याआधी हे सांगितले की साधन कोणाच्या घरातले आहे असे मुले आपणहून विचारू लागतात.

जानोजीची चिठ्ठी हा या खेळाचा जीव. एका शाळेत ती मिळालेला मुलगा हललाच नाही. खाल्ल्या मिठाला जागायचे म्हणाला. निजाम सुखरूप पार झाला आणि मराठ्यांचा गट चिडला. जानोजी का गेला असेल यावर वाद पेटला. मी सांगितले की पेशव्यांनी ३२ लाखांच्या मुलखाचे आमिष दाखवले होते. मागच्या रांगेतली, एरवी तोंड न उघडणारी नववीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे उचल एका मुकादमाची घेतली अन् गेला दुसऱ्याच्या टोळीत.” सगळे हसले, पण कोणालाही आणखी समजावून सांगावे लागले नाही. तुलना पुरती बरोबर नाही. जानोजी स्वतः सरदार होता, उचल अंगावर असलेला कोयता नव्हे. हाच फरक लिहून आणायला सांगितले. कृतिपत्रिकेतल्या ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाला दोन ओळींवर थांबणारी मुले पान-पानभर लिहून आली.

खेळाला मर्यादा आहेतच. एका खेळाला दोन तास जातात, शेजारच्या वर्गाचे शिक्षक तक्रार करतात, आणि राक्षसभुवन नववी-दहावीच्या परीक्षेत विचारत नाहीत. कारणे शोधायची सवय त्या परीक्षेत उपयोगी पडते असे मी सांगतो, काहींना पटते. शिवाय सगळ्याच गोष्टींचा खेळ करू नये. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा लागतो, तेव्हा ‘रझाकार विरुद्ध आपण’ असा खेळ बसवून द्या, अशी मागणी दोनदा आली. दोन्ही वेळा नाही म्हणालो. रझाकारांनी केलेले आणि पोलीस कारवाईनंतर झालेले, दोन्हींचे चटके बसलेली घरे अजून याच गावांत एकमेकांना लागून आहेत. त्यासाठी मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडे जावे, ऐकावे, लिहून घ्यावे. तिथे फासे नकोत.

ती मागच्या रांगेतली मुलगी दिवाळीनंतर आईवडलांबरोबर गेली. जाताना तिने कापड मागितले, मी चिंचोक्यांच्या पुरचुंडीसह दिले. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परत आली तेव्हा कापडावर चुलीचा काळा डाग होता, निम्मे चिंचोके बदललेले होते, आणि चिठ्ठ्या हरवल्या म्हणून तिने वहीच्या कागदाच्या नव्या केल्या होत्या. फडावर कोपीतल्या लहान पोरांना तिने खेळ शिकवला होता. त्यांत एक चिठ्ठी जास्तीची होती, ‘नाववाला’. मी विचारले, हा कोण? ती म्हणाली, “काका, एवढी फौज नेली कोणी पलीकडं? ज्याला ही चिठ्ठी येईल त्याला आधी पैसे द्यायचे. नाही दिले तर तो त्या डावाला नाव हलवत नाही.”